बार्शी लाईटचं बंद स्टेशन : कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

सुरुवात केली एकदाची. काम काय, तर गावाच्या वरच्या अंगाला बार्शी लाईट या जुन्या छोट्या रेल्वेचं जे पडकं स्टेशन आहे त्याची नीट मापं घ्यायची, म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याकडून ऐकून घ्यायचं, कागद मिळतील ते बघायचे आणि शेवटी तिथे एक बोर्ड लावायचा. गावाचं नाव इथे टाकत नाही. पांगरी आणि येडशीच्या मधला पट्टा, धाराशिव जिल्ह्याची हद्द, एवढं पुरे आहे, कारण आधीच खिडक्यांचे गज गेलेत, दाराच्या बिजागऱ्या गेल्यात आणि ठिकाण कळलं की भंगारवाले चौकटीपण उचलून नेतील.

आज शिल्लक काय आहे ते बघितलं. काळ्या दगडाची एक छोटी इमारत, आत दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीचे पत्रे गेलेत नुसते खांब आहेत. तिकीट खिडकीचा कोनाडा शाबूत आहे, खाली दगडावर कोपरं टेकून टेकून गुळगुळीत झालेली जागा हाताला लागते. फलाट म्हणाल तर जेमतेम वीतभर उंच, नवीन माणसाला वाटेल बांधच आहे. शेजारी वेगळी एक कोठडी, तिला गावात अजून 'नाका' म्हणतात, का ते कुणाला विचारलं तर म्हणतात पहिल्यापासून म्हणतात. पाठीमागे चिंच. रूळ कधीच उचललेत, खडी मात्र अजून आहे आणि त्यातून बाभळी आल्यात.

सोबत चुलतभाऊ आहे, आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला, टेप आणि लेव्हल त्याची, उत्साह माझा.

१७ नोव्हेंबर

मोजणी. इमारतीला वेळ लागला नाही, वेळ गेला तो मोरीला. स्टेशनच्या पुढे ओढ्यावर एक दगडी मोरी आहे, तिची रुंदी बघून भाऊ म्हणाला, दादा यावरून ट्रॅक्टर नीट जाईना, रेल्वे कशी गेली असेल? प्रश्न बरोबर आहे. भराव पण तसाच, वरचा माथा इतका अरुंद की दोघं शेजारी चाललो तर एकाचा पाय खडीवरून घसरतो.

घरी येऊन वाचत बसलो. या लाईनचं सगळं गणित एका आकड्यावर उभं आहे, आणि तो आकडा म्हणजे ५ टन. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर १८८२ साली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, मोठ्या लाईनची कंपनी) रेल्वेत नोकरीला इकडे आला. त्याच्या डोक्यात एकच खूळ होतं, की मोठ्या लाईनला माल आणून देणाऱ्या छोट्या लाईनी स्वस्तात बांधता येतात, फक्त कुठल्याही आक्सावर (दोन चाकं जोडणाऱ्या कण्यावर) ५ टनाच्या वर भार पडू द्यायचा नाही. इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालाची वाघीण, सगळ्यांना नियम तोच. इंजिन जड करायचं असेल तर चाकं वाढवा! म्हणून पहिली इंजिनं (लीड्सच्या किटसन कंपनीची) एकमेकांना जोडलेली आठ चाकं आणि मागे चार छोटी चाकं अशी लांबोडकी होती, एकूण सहा आक्स, म्हणजे ३० टनांच्या आतबाहेरचं इंजिन पण रुळाला कुठेही पाचच्या वर जाच नाही. वाघिणींच्या खाली पण बोगी, चार आक्स, म्हणजे डबा आणि माल धरून २० टन.

भार ठरला की बाकी सगळं आपोआप ठरत जातं. रूळ फक्त ३० पौंड प्रति यार्ड, म्हणजे मीटरला साधारण १५ किलो. आज मोठ्या लाईनला ५२ किंवा ६० किलोचा रूळ असतो. रूळ हलका म्हणून स्लीपर लहान, भराव अरुंद, मोरी बारकी, पूल हलके. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूट, ७६२ मिलिमीटर. आमची मोरी ट्रॅक्टरला पुरत नाही ती कंजूषपणाने नाही, तिच्यावरून जाणारं काहीच ५ टनाच्या वर नव्हतं म्हणून.

हा गडी पुढे पॅराशूट पण बनवायला लागला, पहिल्या महायुद्धात वापरलं गेलं त्याचं पॅराशूट, आणि अरबी घोड्यांचा नाद होता तो वेगळाच. पण त्याच्या मागे लागलो तर स्टेशन राहील बाजूला.

२४ नोव्हेंबर

आज साल-सनावळी. गावात चहाच्या टपरीवर कुणालाही विचारा, स्टेशन कुणी बांधलं, उत्तर एकच, निजामानं. ग्रामपंचायतीच्या फ्लेक्सवर पण 'निजामकालीन रेल्वे स्टेशन' असंच छापलंय. काळ निजामाचा होता, जमीन निजामाच्या राज्यातली होती हे खरं, पण लाईन निजामाची नाही. निजाम स्टेट रेल्वे वेगळी. ही बार्शी लाईट रेल्वे कंपनी, लंडनला नोंदलेली, १८९५ ची. पहिला तुकडा १८९७ ला सुरू झाला, बार्शी रोड ते बार्शी, २१ मैल. बार्शी रोड म्हणजे आत्ताची कुर्डुवाडी.

आणि बार्शीच का? तर बार्शी ही बाजारपेठ होती, बालाघाटावरचा कापूस, गळिताचं धान्य, ज्वारी सगळं बैलगाड्यांनी बार्शीला उतरायचं आणि तिथून परत बैलगाड्यांनीच जीआयपीच्या लाईनपर्यंत जायचं. कॅलथ्रॉपनं त्या शेवटच्या २१ मैलांवर बोट ठेवलं. लाईन टाकण्याआधी त्यानं इंग्लंडात लीड्सजवळ न्यूले इथे तात्पुरता रूळ अंथरून इंजिन-डबे चालवून दाखवले होते, लोकांचा विश्वास बसावा म्हणून.

नंतर १९०६ ला कुर्डुवाडीहून पंढरपूर, इकडे बार्शीच्या पुढे टप्प्याटप्प्यानं वाढत १९११ ला लातूर, आणि १९२७ ला पंढरपूर ते मिरज. एकूण २०२ मैल, सलग एकाच गेजवर, म्हणजे लातूरचा माणूस पंढरपूरला जायला निघाला तर गेज बदलायची भानगड नाही. कॅलथ्रॉप त्याच १९२७ सालच्या मार्चमध्ये वारला. स्वातंत्र्यानंतर पण काही वर्षं लाईन कंपनीचीच होती, १ जानेवारी १९५४ ला सरकारनं विकत घेतली आणि मग ती मध्य रेल्वेत गेली.

आमचं स्टेशन बार्शी-लातूर तुकड्यातलं, म्हणजे १९११ किंवा त्याच्या आधीचं, बोर्डावर एवढंच लिहायचं.

८ डिसेंबर

आबांकडे गेलो. वय अठ्ठ्याऐंशी, कान गेलेत, डोकं लख्ख. सुरुवातीची शाळा निजामाच्या राज्यात झाली म्हणून उर्दू वाचतात. फोन मध्ये ठेवला रेकॉर्डिंगला, तर आधी विचारलं, हे कुणाला ऐकवणार? म्हणलं आबा गावालाच. मग बोलले.

'नाका' चा उलगडा पहिल्या पाच मिनिटांत झाला. करोडगिरी! निजामाच्या राज्याची जकात, माल राज्यात येऊ दे नाहीतर बाहेर जाऊ दे, शेकडा पाच. बार्शी तालुका इंग्रजांचा, सोलापूर जिल्ह्यातला, आणि आमचं शिवार निजामाचं, म्हणजे हद्दीच्या अलीकडे-पलीकडे पाऊल टाकलं की कायदा बदलायचा. त्या कोठडीत करोडगिरीचा माणूस बसायचा. आबांचं म्हणणं, "मास्तर गरीब होता, पर नाक्यावरचा लई वंगाळ. बाईमाणसाच्या गाठोड्याला बी हात लावायचा. आमची आय बार्शीच्या बाजारातनं लुगडं आणायची ती नेसूनच यायची, दोन-दोन लुगडी एकावर एक, मग काय तपासतो?"

पैशाचं पण तसंच. निजामाचा हाली शिक्का वेगळा, इंग्रजांचे कलदार वेगळे. हिशोब सात हालीला सहा कलदार. आबा म्हणतात तिकिटाला मास्तर कलदारच मागायचा, खिशात हाली असले तर गावातल्या वाण्याकडून बदलून घ्यायचे आणि वाणी मध्ये आपलं काढून घ्यायचा. पोलीस ॲक्शननंतर (१९४८, निजामाचं राज्य भारतात आलं) काही वर्षांत हे सगळं बंद झालं, करोडगिरी पण गेली, हाली पण गेला, कोठडीत गँगमनचं सामान पडायला लागलं. नाव तेवढं राहिलं.

मला स्वतःला हे सगळ्यात मोलाचं वाटलं. इंजिनाचे आकडे कुठेही मिळतील, दोन लुगडी नेसून येणारी बाई कुठल्या रिपोर्टात मिळायची नाही.

१५ डिसेंबर

स्टेशनवर शेंगा, पेरू विकणाऱ्या एक आक्का होत्या, आता सुनेकडे असतात, त्यांना भेटलो. त्यांच्या बोलण्यात साल नाही, सगळं "वाफंचं इंजिन व्हतं तवा" आणि "डिझेल आल्यावर". गाडी घाट चढताना धापा टाकायची, तो आवाज यायला लागला की चुलीवरची भाकरी उलटवून, पाटी डोक्यावर घेऊन स्टेशनला पोचेपर्यंत गाडी यायची म्हणे. पोरं पळत्या गाडीतून उतरून लघवी करून परत चढायची हे पण सांगितलं, ते प्रत्येक नॅरोगेजबद्दल सांगतात त्यामुळे मी अर्धंच धरतो.

आषाढीचं मात्र अगदी डोळ्यापुढे उभं केलं. लातूरकडून गाडी येतानाच टपावर माणसं, आत माणसं, दारात लोंबकळणारी माणसं, आमच्या गावचे वारकरी पण टपावरच, पताका आडव्या धरायच्या झाडात अडकू नयेत म्हणून. शेंगा विकायला हात वर करावा लागायचा आणि पैसे वरून खाली पडायचे. "एकादशीला शेंगा नाय खपणार तर काय खपणार," असं वर.

इंजिनातलं गरम पाणी ड्रायव्हरकडून कळशीत मागून घ्यायच्या बाया, बाळंतिणीला. ड्रायव्हर कधी नाही म्हणायचा नाही.

२९ डिसेंबर

शाळेत गेलो होतो. शाळेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, तारेनं टांगलेला, लोखंडी गजानं वाजवायचा. लहानपणापासून बघतोय पण तो आमच्याच लाईनचा असेल हे डोक्यात आलं नव्हतं. मुख्याध्यापक सरांना विचारून उतरवला. लांबी दोन फूट. किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला, दुकानदार म्हणतोय काटा मोडला तर भरून देशील का, आकडा आला नऊ किलोच्या किंचित खाली. गणित करा, मीटरला १५ किलोच्या जवळ, म्हणजे ३० पौंडाचा रूळ, थोडा झिजलेला. माथा एका बाजूला घासलाय, म्हणजे वळणावरचा असावा, आणि घाटाकडे वळणं आहेतच.

पोरांना बोलावून सांगितलं की अख्खं इंजिन यावरून जायचं. एकानं विचारलं मग वाकत नव्हता का. त्याला कॅलथ्रॉपचे पाच टन सांगितले, फळ्यावर इंजिन काढून चाकं मोजायला लावली. या पोरांना जेवढं पटकन कळलं तेवढं मला वाचून कळलं नव्हतं. तुकडा परत टांगला, सरांनी तिथल्या तिथे घंटा वाजवून दोन मिनिटं आधीच शाळा सोडली.

१२ जानेवारी २०२५

कसबे तडवळ्याला जाऊन आलो, तिथलं स्टेशन याच लाईनवरचं, नाव कळंब रोड. मुद्दाम गेलो कारण या लाईनच्या इतिहासात मोठं काय घडलं असं विचारलं तर मी तेच सांगेन. २२-२३ फेब्रुवारी १९४१ ला तिथे महार-मांग वतनदार परिषद झाली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. तिथली माणसं सांगतात की बाबासाहेब बार्शी लाईटनंच आले, स्टेशनवर उतरले आणि तिथून बैलगाडीतून मिरवणूक निघाली, बैलजोड्यांची रांग लागली होती. सांगणाऱ्याचे आजोबा त्या मिरवणुकीत होते, आणि सांगताना तो माणूस उठून उभा राहिला.

निजामाच्या मुलखात, वतनाच्या प्रश्नावर परिषद. आमच्या आबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले आमच्या गावचे पण काही जण गेले होते, बरेचसे चालत, तिकिटाला पैसे कुठले. म्हणजे लाईन दारात असून पण ती सगळ्यांची नव्हतीच. हे बोर्डावर बसणार नाही, पण नोंदीत पाहिजे.

२ फेब्रुवारी

नकाशाचं काम. गाव नकाशात रेल्वेची पट्टी अजून स्पष्ट दिसते, लांबच लांब, शेतांना तिरकी कापत गेलेली. जुन्या पहाणी पत्रकाची झेरॉक्स आबांनी वाचून दिली, उर्दूत, रेल्वेच्या जमिनीला लागून कुणाची शेतं ते सगळं आहे त्यात. वारसांची भांडणं अजून चालू आहेत म्हणून नावं लिहीत नाही. उपग्रहाच्या फोटोवर जुनी लाईन पिवळ्या रेघेनं काढली आणि नवीन ब्रॉडगेज लाल रेघेनं, आणि मग जे गेली पंधरा-सोळा वर्षं गावात ऐकतोय ते किती चुकीचं आहे ते समोर आलं.

गावात काय म्हणतात? एसटी आली, वडाप आलं, प्रवासी कमी झाले म्हणून स्टेशन बंद पडलं. प्रवासी कमी झाले असतील, गाडी होतीच तशी, तासाला १५ मैलांच्या हिशोबानं बांधलेली. पण स्टेशन मेलं ते त्यानं नाही. लाईन ब्रॉडगेज करताना रस्ता बदलला. जुनी लाईन पांगरीकडून रामलिंगच्या घाटातून सरळ येडशीला चढायची. धाराशिव तिच्या दक्षिणेला राहायचं, जिल्ह्याचं ठिकाण असून पण शहराला रेल्वे नाही, धाराशिवच्या माणसाला गाडी धरायला येडशीला यावं लागायचं, आणि हे जवळजवळ शंभर वर्षं चाललं. ब्रॉडगेजचा आराखडा केला तेव्हा लाईन खाली दक्षिणेला वळवून धाराशिवला नेली आणि तिथून परत वर येडशीला आणली. सप्टेंबर २००७ ला लातूर-धाराशिव सुरू झालं, ऑक्टोबर २००८ ला धाराशिव-कुर्डुवाडी. मधला जुना घाटाचा तुकडा सुटला, त्याबरोबर आम्ही सुटलो.

बरं, याला नावं ठेवायची कशी? ब्रॉडगेज पाहिजे म्हणून या भागातल्या लोकांनी वर्षानुवर्षं मागणी केली, त्यात आमचं गाव पण होतं. कुणाला वाटलं होतं की मोठी लाईन येईल ती आपल्या दारातूनच येईल. लातूरहून बसलेला माणूस आज थेट मुंबईत उतरतो, पूर्वी कुर्डुवाडीला गाडी बदला, आणि माल असला तर छोट्या वाघिणीतून मोठ्या वाघिणीत हमालांनी उचलून टाका. हिशोबानं बघितलं तर जिल्ह्याचा फायदा झाला, आमचं एक स्टेशन गेलं. मी निर्णय घेणारा असतो तर मी पण लाईन धाराशिवलाच नेली असती. हे आबांना सांगितलं तर त्यांनी नुसतं बघितलं माझ्याकडे.

१६ फेब्रुवारी

रामलिंगपर्यंत जुन्या भरावावरून चालत गेलो. अभयारण्य आहे, १९९७ पासूनचं, त्यामुळे आधी विचारून गेलो. खाली देवस्थान, जुना पूल अजून उभा आहे, श्रावणात येणारे लोक त्यावर फोटो काढतात आणि हा कशाचा पूल असं एकमेकांना विचारतात. पुलाकडे बघताना पाच टन परत आठवले, एवढ्या हलक्या बांधणीवर पाऊणशे-शंभर वर्षं गाड्या चालल्या. भावानं खांबांची मापं घेतली, ड्रॉइंग त्याच्या कॉलेजच्या सबमिशनला पण चालेल म्हणतोय, म्हणजे आता तो काम अर्धवट टाकणार नाही.

माकडांनी डबा पळवला.

९ मार्च

पाण्याचा विषय निघालाच. गावात आत्ताच टँकरची चर्चा सुरू आहे आणि एकानं २०१६ ची आठवण काढली, मिरजेहून लातूरला पाणी घेऊन गेलेली रेल्वे, जलदूत. १२ एप्रिल २०१६ ला पहिली गाडी लातूरला पोचली, १० वाघिणी, पाच लाख लिटर, पुढे ५० वाघिणींची गाडी झाली, एका खेपेला २५ लाख लिटर. रस्ता कुठला, तर मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. म्हणजे धाराशिवचं वळण सोडलं तर बार्शी लाईटच, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

उत्सुकता म्हणून आकडेमोड केली. जलदूतच्या एका वाघिणीत ५० हजार लिटर, म्हणजे नुसतं पाणीच ५० टन. कॅलथ्रॉपच्या चार आक्सांच्या वाघिणीला डब्याच्या वजनासकट २० टनांची मर्यादा. म्हणजे गेज बदललं नसतं तर लातूरला ते पाणी त्या वेगानं आणि त्या मापानं पोचलंच नसतं. जुन्या लाईनवर जीव असणाऱ्यांनी (मी पण त्यातच) हे पण मान्य करायला पाहिजे.

३० मार्च

ग्रामसभा. बोर्डाला परवानगी पाहिजे म्हणून अर्ज आधीच एका ऑफिसात दिलाय, तिथे सांगितलं जागा आमची आहे का ते आधी बघावं लागेल. त्यांची नसेल तर कुणाची, हे सांगायला कुणी तयार नाही. सरपंच म्हणाले फलाटाबाहेर पंचायतीच्या जागेत लावा, तो विषय तिथे मिटला.

वाद झाला तो मजकुरावर. तरुण मंडळाचं म्हणणं 'निजामकालीन' राहू द्या, लोक बघायला येतात. मी म्हणलं येऊ द्या की, पण कंपनीचं नाव पण लिहू. शेवटी आबा बोलले, "काळ निजामाचा, गाडी कंपनीची, जकात निजामाची, तरास आमचा. समदं लिवा." हशा झाला आणि ठराव पास.

मजकूर असा ठरला : बार्शी लाईट रेल्वे, बार्शी ते लातूर विभाग. हैदराबाद संस्थानाच्या हद्दीतील स्टेशन, शेजारी करोडगिरी नाका. रुळांचं अंतर अडीच फूट. लातूरपर्यंत लाईन १९११ ला पूर्ण, सरकारकडे १९५४, लाईन धाराशिवमार्गे वळवल्याने बंद. शेवटच्या चार शब्दांवर मी अडून बसलो होतो, ते राहिले. पत्र्याचा बोर्ड नको म्हणून शहाबादी फरशी घ्यायची ठरलंय, अक्षरं कोरणारा बार्शीत आहे, तो शब्दावर पैसे घेतो, म्हणून 'शेजारी' काढता येईल का ते बघतोय. आक्कांचं रेकॉर्डिंग अजून उतरवून काढायचंय. नाक्याच्या कोठडीला पावसाच्या आत पत्रा टाकायला पाहिजे, त्याची वर्गणी चालू आहे.